खंडेनवमीचा गिअरबॉक्स

आश्विन लागला की कुंडलच्या शिवारात कात्र्या वाजू लागतात. मांडवावरच्या द्राक्षवेली पानांच्या भाराने जडावलेल्या असतात, आत शिरले तर भरदुपारी सांजावल्यासारखे वाटते. मग छाटणीची माणसे येतात आणि कचक, कचक करीत ते सारे हिरवेपण जमिनीवर उतरवतात. काल जिथे सावली होती तिथे आज तारांवर ताणलेल्या तपकिरी काड्या आणि वर उघडे आभाळ. नवख्याला वाटावे, बाग उजाडली. पण बागवाला काडीकाडीच्या डोळ्याला बोटाने औषध लावीत पुढे सरकत असतो, आणि काही दिवसांतच ते डोळे कापसासारखे फुगून येतात.

यंदाही छाटण्या सुरू झाल्या आहेत. परवा साताऱ्याहून पलूसकडे येताना गाडीची काच खाली केली, तर कापलेल्या काड्यांचा तो ओला, तुरट वास आत आला. त्याच्या पाठोपाठ आणखी एक वास आला. तो बाहेर कुठे नव्हता, माझ्या आतच होता. करपलेल्या तेलाचा वास. जळक्या दुधासारखा, किंचित गोडसर, घशात बसणारा. हे दोन वास माझ्यापुरते एकाच ऋतूचे आहेत. एका आश्विनात ते एकत्र आले आणि तेव्हापासून वेगळे झालेले नाहीत.

आमच्या गाडीला क्लच नाही. ज्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, त्याच्यासाठी या साध्या वाक्यात केवढा मोठा मुलूख मावलेला असतो, हे मला जयवंतांशी संसार करताना कळले. माझे यजमान जयवंत सैन्यात होते. एका बर्फाळ चौकीवर त्यांचा पाय गेला, आणि ते घरी आले ते कृत्रिम पाय लावून. चालायला ते शिकले. घराबाहेर पडायला मात्र शिकले नाहीत. खिडकीशी पलंग, पलंगाशी खुर्ची, एवढ्यात त्यांचे दिवस फिरत. मी महाविद्यालयातून कविता शिकवून परत येई, तेव्हा सकाळी जिथे सोडले तिथेच ते सापडत. मग ही जुनी ऑटोमॅटिक गाडी आली. उजव्या पायाने चालणारी, गिअर आपले आपण बदलणारी. तिने त्यांना पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपर्यंत नेले, वडूजला माझ्या माहेरी हुरड्याला नेले. अर्थात प्रत्येक वेळी शेजारच्या आसनावर मी असे. एकटे ते कधी निघाले नाहीत. मध्येच बंद पडली तर, ही धास्ती त्यांच्याबरोबर गाडीत बसलेली असायची.

आणि ती बंद पडलीच. पसरणीच्या घाटात, ऐन चढावर, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. आतले काहीतरी निसटत होते, घामेजलेल्या मुठीतून दोर निसटावा तसे. करपलेला वास तेव्हाच आला. जयवंतांनी गाडी कडेला घेतली, चावी फिरवली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून दरीकडे पाहत बसून राहिले.

साताऱ्याच्या गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले, की या गाडीचे उत्पादनच आता बंद आहे, तिचा गिअरबॉक्स मिळायचा नाही, विकून टाका.

"विकू," जयवंत म्हणाले. "नाहीतरी कुठं अडलंय तिच्यावाचून?"

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला भीती वाटली. पलंग, खिडकी, खुर्ची. तो प्रदेश पुन्हा त्यांना बोलावू लागला होता आणि ते निमूटपणे निघाले होते.

मी फोन केला तो कुंडलच्या दिनकररावांना. ते जयवंतांचे सैन्यातले मित्र. नोकरीभर त्यांनी रणगाड्यांचे गिअरबॉक्स उघडले आणि जोडले. निवृत्तीनंतर द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड ठोकून तेच काम गाड्यांचे करू लागले. नम्रता हा गुण त्यांच्या वाट्याला आलेला नाही. "पुण्यापतोर माझ्यासारखा हात न्हाई," हे ते पहिल्या पाच वाक्यांत सांगतात. मी फोन जयवंतांच्या हाती दिला, तेव्हा पलीकडचा आवाज मला चार हातांवर ऐकू आला.

"विकतुस? लाज वाटू दे गड्या! तुझा पाय गेला तवा तुला कुणी भंगारात घातला का रं?"

जयवंतांच्या ओठांचा कोपरा हलला. गाडी टेम्पोवर चढली आणि घटस्थापनेनंतर आम्ही कुंडलला पोचलो.

गिअरबॉक्स म्हणजे मी एखादे ओबडधोबड लोखंडी भांडे समजत होते. बाहेरून तो तसाच होता. शेणमातीने माखलेल्या कलिंगडासारखा. दिनकररावांनी खालचा तबकासारखा पत्रा सोडवला आणि आतले तेल परातीत ओतले. ते डाळिंबाच्या रसासारखे लाल असते म्हणे. आमचे काळेकुट्ट निघाले. तबकाच्या तळाशी लोहचुंबक होते आणि त्यांच्यावर काजळासारखा मऊ गाळ साचला होता. दिनकररावांनी तो बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला. तिखट किती दळले गेले हे पाहणाऱ्या बाईसारखा त्यांचा चेहरा गंभीर झाला होता.

"भुकटी हाय, तुकडं न्हाईत," ते म्हणाले. "म्हंजी दात शाबूत. जळलंय ते दुसरं."

मग त्यांनी उघडत नेले, आणि मी पाहत गेले. आत खोलात एक मधले चाक होते. कारागीर त्याला सन गिअर म्हणतात. त्याच्याभोवती छोटी चाके फिरतात. त्यांना प्लॅनेट म्हणतात. त्या साऱ्यांना कवेत घेणारे एक दातेरी कडे. यांतले कुणाला धरायचे आणि कुणाला मोकळे सोडायचे, एवढ्यावर गाडीची चाल ठरते. कडे धरले तर एक चाल, सूर्य धरला तर दुसरी. आयुष्यभर मी आकाशाच्या उपमा शिकवल्या. ते आकाश कुणी ओंजळीएवढे करून, तेलात बुडवून आमच्या पायाखाली ठेवले होते आणि मी वर्षानुवर्षे त्यावरून हुरड्याला जात होते!

हे धरण्याचे काम चकत्यांचे. एक पोलादाची, एक खरखरीत अस्तराची, पुन्हा पोलादाची, अशी भाकरीची चवड असते तशी त्यांची चवड. मागून तेलाचा दाब आला की त्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि चाक थांबते; दाब सरला की सुटतात. आमच्या एका चवडीतल्या अस्तराच्या चकत्या करपून कोळसा झाल्या होत्या. पोलादाच्या चकत्यांवर तापून उमटलेले निळे डाग होते, मोराच्या मानेवर असतात तसे. सुंदर होते ते, आणि दिनकररावांनी सांगितले की तेच जखमेचे व्रण. कारण सापडले ते अगदीच किरकोळ. चवडीला मागून रेटणाऱ्या दट्ट्याभोवतीचे रबराचे कडे म्हातारे होऊन कडक झाले होते. त्यांनी ते वाकवले तर जुन्या लाखेच्या बांगडीसारखे कटकन मोडले. तेवढ्या फटीतून दाब निसटत राहिला, पकड सैल पडत गेली, आणि सैल पकडीने सारे जाळले.

चकत्या आणि सील बाहेरून मागवता येणार होत्या. एक भाग मात्र कुठेच मिळणार नव्हता. दिनकररावांनी तो दोन्ही हातांनी उचलून पांढऱ्या ताडपत्रीवर ठेवला. ॲल्युमिनिअमची एक जाडसर पाटी, आणि तिच्यावर कोरलेले शेकडो वळणांचे नाले. "व्हॉल्व्ह बॉडी," ते म्हणाले. "हिचा मेंदू ह्यो." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "वहिनी, उसाला दारं धरल्याली बगितलीयत का?"

"पाहिली आहेत."

"तीच गोष्ट हाय बगा. तेल म्हंजी पाणी. ही सरी भिजली की तिचं दार मोडायचं, म्होरल्या सरीला पाणी लावायचं. फरक येवढाच, हितं बांधावर खोरं घिऊन गडी उभा न्हाई. पाण्याचा दाबच दारं उगडतो, दाबच मिटतो." नाल्यांच्या काठी बोटाएवढ्या गुळगुळीत दांड्या आपापल्या बिळांत बसल्या होत्या; तीच ती दारे. एक दांडी काढून त्यांनी बीळ उभे धरले आणि दांडी वरून नुसती सोडली. ती कुणी न ढकलता, स्वतःच्या वजनाने, पाण्यात बुडणाऱ्या खड्यासारखी संथ आत उतरली. "अशी उतरली तर जित्ती. अडली की संपली. हिच्यात लुगड्याचा धागासुदिक जाता कामा न्हाई. हे गेलं तर मी कायबी करू शकत न्हाई. गाडी मंग खरंच भंगारात."

जयवंत दाराशी खुर्चीत बसून सगळे ऐकत होते. खुर्ची त्यांनी आत घेतली नव्हती. हरण्याची तयारी केलेल्या माणसाला आशा जवळून पाहवत नाही.

आणि खंडेनवमी उजाडली.

त्या दिवशी आमच्या मुलखात राबणाऱ्या वस्तूंना विसावा असतो. विळे, खुरपी, पाटा, ट्रॅक्टर, जे जे वर्षभर झिजले त्याला धुऊन हळदीकुंकू लावायचे, झेंडूची फुले वाहायची, आणि मग दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. दिनकररावांच्या पत्नी सुमनताई पहाटेच उठल्या होत्या. छाटणीच्या कात्र्या, औषधाचा फवारा, नवऱ्याचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, हवेचा कॉम्प्रेसर, सारे त्यांनी भक्तीने पुजले होते. आम्ही चहा घेऊन शेडमध्ये गेलो तेव्हा कॉम्प्रेसरच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

आणि ताडपत्रीवर, उघड्या व्हॉल्व्ह बॉडीवर, हळदीकुंकवाची पाच बोटे, अक्षता आणि चुरगळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या.

दिनकररावांनी कपबशी तिथेच खाली ठेवली. "सुमे! काय केलंस हे!"

"काय केलं म्हंजी? पूजा केली," सुमनताई पदर सावरत म्हणाल्या.

"अगं, मेंदूत कुंकू भरलंस की त्याच्या!"

"मंग? तुमच्या पान्याला पुजायचं, कात्रीला पुजायचं, आन् ज्याच्यापायी इतकं दिस अन्नाकडं बगत न्हाईसा त्येला तसंच ठिवायचं? तुमीच म्हनला, ह्याच्यावर भावजींची गाडी हाय म्हून. येवढं मोठं ज्ये हाय, त्येला आदी पुजाय नगं?"

दिनकरराव ताडपत्रीवर वाकले. मला राग आला नाही, भीती वाटली. नाल्यांच्या कडांवरून लाल धूळ आत झिरपली होती. हळद तेलकट धातूला धरून चिखलासारखी बसली होती. सुमनताईंच्या लक्षात सारे हळूहळू आले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी लागलीच धुती," त्या पुटपुटल्या.

"कशानं धुतीस? ब्रश पुजलास, पंप पुजलास, काँप्रेसरला माळ घातलीस. आता उद्यापतोर हात लावायचा न्हाई त्येला."

"न्हाईच लावायचा," त्या ठामपणे म्हणाल्या. चूक मान्य होती, नेम मोडणे मान्य नव्हते.

तेव्हा दाराशी खुर्ची सरकली. जयवंत उठून आत आले. "रॉकेल आण दिनकर," ते म्हणाले. "हात पुजलेले नाहीत ना?"

ताडपत्री जमिनीवर होती. कृत्रिम पाय लावून मांडी घालता येत नाही. ते क्षणभर उभे राहिले. मग भिंतीला टेकून त्यांनी विजार वर केली, पट्टे सोडवले, पाय काढून पुजलेल्या हत्यारांच्या रांगेला टेकवून ठेवला आणि खाली बसले. माझ्याखेरीज कुणासमोर त्यांनी तो कधी काढला नव्हता. सख्ख्या भावासमोरही नाही. बागेतून येणारा कात्र्यांचा आवाज त्या दिवशी नव्हता.

सुमनताई पुढे झाल्या. त्यांनी कुंकवाची करंडी घेतली, हत्यारांच्या रांगेपाशी वाकल्या, आणि त्या पायाच्या नडगीवर हळदीची एक आणि कुंकवाची एक अशी दोन बोटे ओढली. वर एक फूल ठेवले.

"ह्येबी राबतंयच की वर्सभर," त्या म्हणाल्या.

मी जयवंतांकडे पाहू शकले नाही. ऐकले ते दिनकररावांचे हसणे. "मेलास जयवंता! पुजला गेला की रं! आता दसऱ्यापतोर तुला हितनं उटायचं न्हाई."

"मग नाही उठत," जयवंत म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू होते. खूप खोल विहिरीतून वर आलेल्या पाण्यासारखे, गार.

तो दिवस आम्ही चौघांनी रॉकेलच्या परातींभोवती घालवला. एकेक दांडी, एकेक स्प्रिंग, ज्वारीच्या दाण्यांएवढ्या पोलादी गोळ्या. कापड वापरायचे नाही, धागा सुटतो. बोटांनी चोळायचे आणि हवेने वाळवायचे. हवेसाठी सुमनताई वस्तीवर घरोघरी सायकलचा पंप मागत फिरल्या. "तुमचा पंप पुजलाय का अजून ऱ्हायलाय?" हा त्यांचा प्रश्न मला कुंपणापलीकडून ऐकू येत होता. तिसऱ्या घरी एक विसरलेला, अपूजित पंप मिळाला. तो त्यांनी जिंकून आणल्यासारखा आणला.

फुलांनी मढवलेल्या मूर्ती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. इथे प्रत्येक पाकळी, प्रत्येक लाल कण काढून टाकत आम्ही एका वस्तूला निर्मळ करीत होतो. जयवंतांच्या बोटांना प्रत्येक नाला ओळखीचा होत गेला. कुठून तेल येते, कुठे वळते, कुठे अडते, हे ते दिनकररावांना विचारीत. मग विचारीनासे झाले, स्वतःच सांगू लागले.

सगळे धुतल्यावर दिनकररावांनी एकेक दांडी तिच्या बिळात सोडून पाहिली. उतरत गेल्या. एक उतरली नाही. मध्यावर थांबली. त्यांनी ती काढली, धुतली, पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. आम्ही चौघेही तिच्याकडे पाहत होतो. घासू का, मी विचारले. "घासली तर भोक मोठं हुतं. मंग दाब गळतो," ते म्हणाले. बढाई त्यांच्या आवाजातून पार गेली होती. सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला.

जयवंतांनी ती पाटी मांडीवर घेतली. त्या बिळात त्यांनी रॉकेल भरले, करंगळीने ते हलवले, ओतून दिले, पंपाने हवा सोडली. पुन्हा भरले. घाई नव्हती. ऊन दारातून आत आले, ताडपत्रीवरून सरकत भिंतीला लागले. एकदा ओतलेल्या रॉकेलबरोबर पिवळा, तिळाएवढा एक गोळा बाहेर आला. त्यांनी बीळ उभे धरले आणि दांडी वरून सोडली.

ती मध्यावर आली. तिथून पुढेही गेली. आणि तळाशी टेकताना तिने जो बारीक, स्वच्छ आवाज केला, त्याच्यासाठी मला अजून शब्द मिळालेला नाही. कवितेच्या जन्मभराच्या अभ्यासानंतर ही कबुली द्यायला मला संकोच वाटत नाही.

दसऱ्यानंतर जोडणी झाली. नव्या चकत्या लाल तेलात मुरत ठेवल्या होत्या. गोळ्या आपल्या जागी राहाव्यात म्हणून त्यांना व्हॅसलीनच्या थेंबात बसवले. चवड जोडून झाल्यावर कॉम्प्रेसरची नळी एका छिद्राला लावली, आणि आत कुठेतरी 'धप्' असा आवाज आला; गोठ्यात गाईने पाय आपटावा तसा, भरीव. "धरलं!" दिनकरराव ओरडले. "पुण्यापतोर असा हात न्हाई!" त्यांना पूर्ववत पाहून आम्हा सगळ्यांनाच बरे वाटले.

गाडी उभी राहिली तोवर बागेतल्या काड्यांवर पोपटी फूट दिसू लागली होती. जयवंत स्टिअरिंगवर, दिनकरराव शेजारी, मी मागे. गावाबाहेरच्या चढावर मी डोळे मिटून बसले. पहिली चाल सुटून दुसरी कधी धरली जाते तो क्षण मला पकडायचा होता. सूर्य धरला जाणार होता, कडे सुटणार होते, सरीचे दार मिटून दुसरे उघडणार होते. मी सारे लक्ष कानात आणि पाठीच्या कण्यात गोळा केले. काहीच कळले नाही. डोळे उघडले तेव्हा चढ मागे गेला होता. इतक्या जणांच्या हातांतून गेलेले ते अद्भुत आपला मागमूसही न ठेवता काम करीत होते.

शेडपाशी परत आल्यावर जयवंतांनी इंजिन बंद केले नाही.

"उतरा तुम्ही," ते म्हणाले.

"का रं?" दिनकररावांनी विचारले.

"एक चक्कर मारून येतो."

मी दाराची कडी सोडली नव्हती. सवयीने मी पुढच्या आसनाकडे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान किंचित हलवली. त्यात विनंती होती, आणि मला न दुखवण्याची काळजीही. मी बाजूला झाले. गाडी वळली, बागेच्या कडेने गेली, रस्त्याला लागली. धूळ थोडा वेळ हवेत राहिली, मग तीही बसली. आवाज आधी लहान झाला, मग नाहीसा झाला.

सुमनताई बागेतून हात पुसत आल्या. "भावजी कुटं गेलं ओ?"

मी रस्त्याकडे पाहिले. दोन्ही बाजूंना लांबवर फक्त वेली होत्या.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. आणि तसे म्हणताना मला कळले, की कितीतरी वर्षांनी मला ते खरोखरच ठाऊक नव्हते.